वाढत्या मापाची स्टिक

२६ जून

आज झुंबरलाल शेठ शाळेत आले होते. बोदवडच्या पेठेत त्यांचं कापडाचं दुकान आहे, आमच्या मुलींचे गणवेश तिथेच मिळतात. आईच्या नावाने शाळेला काहीतरी द्यायचं त्यांच्या मनात आहे. मुख्याध्यापिका इंदिराबाई, ज्यांना आम्ही सगळे मोठ्या बाई म्हणतो, त्यांनी घंटा, पाण्याची टाकी, व्यासपीठ असं काही न सुचवता सरळ हॉकीच्या स्टिका मागितल्या. माझ्याआधीचे क्रीडाशिक्षक सुकदेव सर निवृत्त झाले तेव्हा चार-पाच जुन्या लाकडी स्टिका मागे राहिल्या. त्यांचे कपचे उडालेले आहेत, एकीला तर सुतळी गुंडाळली आहे.

शेठ म्हणाले, "देतो. पण माल कोणता घ्यायचा ते तुमच्या मास्तरांनी सांगायचं. मला साडीतलं विचारा."

मोठ्या बाईंनी माझ्याकडे बोट दाखवलं. "ह्या आमच्या नूतन पाटील मॅडम. ह्या निवडतील."

मी हो म्हटलं. नाही म्हणायची सोय नव्हती. मी तासिकेवर आहे, दिवाळीनंतर तास मिळतील की नाही ते मोठ्या बाईंच्या हातात आहे. पण खरं इथे लिहायला हवं. मी खो-खोची. बी.पी.एड.ला हॉकीचं एक सत्र झालं, त्यात अर्धे दिवस मैदानावर पाणी होतं.

३ जुलै

जळगावला जाऊन आले. पाय दुखत आहेत.

आठवडाभर मोबाईलवर बघून मी तयारी केली होती. स्टिक जड किती असावी, फायबरची की लाकडाची, वाक कसा असावा. शेठही बरोबर होते, त्यांचं जळगावला काम होतं. दुकानात चेलना नावाची मुलगी होती, माझ्याच वयाची. वडिलांच्या जागी आता तीच बसते.

तिने विचारलं, "मुली कितवीच्या?"

"आठवी-नववीच्या."

"उंची?"

"वेगवेगळी आहे."

तिने काउंटरवर दोन मापं ठेवली, एक चौतीस इंची, एक साडेछत्तीस. फरक माझ्या लक्षातही आला नसता. ती काही सांगणार तेवढ्यात शेठ म्हणाले, "लहान कशाला घेता? अंग वाढतंय पोरींचं. आमच्याकडे आयाबाया गणवेश घ्यायला येतात तर मी काय सांगतो? चार बोटं वाढतं घ्या, आतून दाब मारा, दरवर्षी थोडा सोडा. एका कपड्यात तीन वर्षं निघतात."

चेलना म्हणाली, "काका, स्टिकला दाब मारता येत नाही."

शेठ एवढे हसले की खोकला आला. मीही हसले. पोरगी हजरजबाबी आहे.

मग मी विचार केला. शेठचं म्हणणं बरोबर वाटलं. माझा स्वतःचा पाचवीतला शर्ट गुडघ्यापर्यंत होता आणि आठवीत तो कमरेला बसला. बुटात मी कापूस कोंबून जायची. आमच्या घरात माझ्याआधी कुणी शाळेत गेलं नव्हतं, त्यामुळे शाळेचं माप कसं असतं हे आबांना तरी कुठे माहीत होतं. पण अडलं काही नाही. दुसऱ्याने दिलेली वस्तू पुढच्या वर्षी आखूड झाली तर मला काय तोंड राहील? सगळ्या साडेछत्तीस घेतल्या.

मात्र एकेक तपासून घेतली. डोळ्यासमोर धरून वाक सारखा आहे का बघितलं. रंगाला फुगवटे होते म्हणून दोन परत केल्या. चेलना म्हणाली, "मॅडम, एवढं बघून कुणी घेत नाही." परतीच्या गाडीत उभं राहावं लागलं, पण ते वाक्य आठवून बरं वाटत होतं.

८ जुलै

स्टिकांचं पूजन झालं. नारळ, हळदकुंकू, शेठचं भाषण. गुलाबबाईंनी, म्हणजे शेठच्या मंडळींनी, प्रत्येक मुलीच्या हातात स्टिक दिली. दिपमालाच्या हातात दिली तेव्हा मागून कुणीतरी म्हणालं, "काठी पोरीले घेऊन चालली." हशा झाला.

दिपमाला आठवीत आहे. संघात सगळ्यांत बुटकी आणि सगळ्यांत चांगली. चेंडू तिच्या स्टिकला चिकटल्यासारखा जातो. ते तिला मी शिकवलेलं नाही, सुकदेव सरांनीही नसावं. वडील अभिमनभाऊ जिनिंगमध्ये गाठी उचलतात. ते आज कामावरून तसेच आले होते, केसांत कापूस होता.

"मॅडम, पोरीले काय शिकवाचं ते शिकवा. मले त्यातलं काय समजते? माह्यासाठी काठी म्हणजे कुत्र्याले दाखवाची."

संध्याकाळी आईचा फोन. "जेवनी का?" नंतर लगेच, "नोकरी पक्की व्हयनी का?" म्हटलं, नही आजून. "बठ्ठं बराबर शे ना?" म्हटलं, शे. मुलींनी एकदा मला फोनवर असं बोलताना ऐकलं, तेव्हापासून मैदानावर त्या एकमेकींना "चेंडू कथा शे वं?" म्हणजे चेंडू कुठे आहे, असं विचारून हसतात. मी धुळ्याकडची, त्यांना माझी बोली ऐकून गंमत वाटते. रागवावं की नाही ठरवता येत नाही.

१७ जुलै

दिपमाला आज मधल्या सुट्टीत जुनी, सुतळीची स्टिक घेऊन खेळत होती. नवी भिंतीला टेकवून ठेवलेली. मी विचारलं, नवी का नाही घेतली? म्हणाली, "खराब होईन मॅडम." मी समजावलं की वस्तू वापरण्यासाठी दिली आहे, न वापरणं हा देणाऱ्याचा अपमान आहे. तिने मान हलवली.

एकंदर नव्या स्टिकांनी मुली अजून रुळल्या नाहीत. सगळ्या ताठ उभ्या राहून खेळतात. वाका, गुडघ्यात वाका, असं ओरडून माझा घसा बसला आहे.

२९ जुलै

महत्त्वाची बातमी. राज्याच्या निवासी हॉकी केंद्रासाठी चौदा वर्षांखालच्या मुलींची निवड चाचणी सप्टेंबरमध्ये धुळ्याला आहे. निवड झाली तर राहणं, जेवण, बारावीपर्यंतचं शिक्षण, सगळं केंद्राचं. मोठ्या बाई म्हणाल्या, दिपमालाचं नाव पाठवा.

अभिमनभाऊंना सांगायला घरी गेले. तिथे वेगळंच कळलं. त्यांचा भाऊ सुरतेला साडीच्या कारखान्यात आहे, त्याने यांना बोलावलं आहे. दिवाळी झाली की सगळं घर सुरतेला जाणार. मी विचारलं, दिपमालाची शाळा?

अभिमनभाऊ म्हणाले, "तिथं एक खोली हाये मॅडम. आम्ही दोघं कारखान्यात जाऊ. लहानाले कोण पाहील?"

आई बेबाबाई भाकरी थापत होत्या, त्या मान वर न करता म्हणाल्या, "तिचं तिकडं झालं त जाऊ दे तिले. लहानाचं पाहू काही." अभिमनभाऊंनी तिच्याकडे बघितलं. मग म्हणाले, "झालं त नेऊ नका म्हणत नाही मी."

म्हणजे झालं तर. दिपमाला दारात बसून लहान भावाच्या डोक्याला तेल लावत होती. तिने सगळं ऐकलं असणार.

८ ऑगस्ट

दिपमालाचा खेळ बिघडत चालला आहे. चेंडू पायापासून लांब जातो, वळताना सुटतो. वरचा हात मुठीच्या टोकाला धरायचा सोडून ती वीतभर खाली धरते. दहा वेळा सांगितलं. वर धरते, दोन पावलं जाते, पुन्हा हात खाली. सुट्टीत जुन्या स्टिकने खेळते म्हणून ही सवय लागली, असं माझं मत झालं आहे. आज सगळ्या जुन्या स्टिका कपाटात कुलूपबंद केल्या. तिने बघितलं.

तिच्यासाठी सकाळचा जास्तीचा सराव सुरू केला आहे. दोघी थकतो.

१४ ऑगस्ट

तिच्या पोटावर, बरगडीच्या खाली काळंनिळं दिसलं. शर्ट वर सरकला तेव्हा. विचारलं तर म्हणाली, हापशावर पडले.

हिला घरी कामाचा ताण आहे का, मोठ्या बाईंशी बोलावं का, हे दिवसभर डोक्यात घोळत राहिलं. उद्याच्या झेंडावंदनाच्या कवायतीच्या सरावात चुका झाल्या, माझं लक्ष नव्हतं.

२३ ऑगस्ट

आज घात झाला असता. दिपमाला पूर्ण वेगात येत होती, मैदानाची माती उलली आहे, स्टिकचं खालचं टोक भेगेत अडकलं आणि मुठीचं टोक तिच्या पोटात घुसलं. ती पडली आणि तिला श्वास घेता येईना. तोंड उघडं, आवाज नाही. मी तिला उचलून रिक्षात घातलं. दवाखान्यात डॉक्टरांनी तपासलं, आत काही नाही म्हणाले, दोन दिवस विश्रांती. जुने डागही त्यांनी पाहिले. विचारलं, "हे एकाच जागी कसे लागतात हिला?"



२५ ऑगस्ट

आज शाळा सुटल्यावर कपाट उघडलं. सुतळीची जुनी स्टिक काढली, दिपमालाला भिंतीशी सरळ उभं केलं आणि स्टिक तिच्याजवळ उभी धरली. तिच्या कमरेच्या हाडापर्यंत आली. मग नवी धरली. नवीचं टोक बरोबर त्या काळ्यानिळ्या डागावर येऊन टेकलं.



मग बाकीच्या मुलींना बोलावलं. उंच दोघी सोडल्या तर सगळ्यांचं तेच. सगळ्या हात खाली धरून, ताठ उभ्या राहून खेळत होत्या, कारण वाकलं की टोक पोटात जातं. आणि मी रोज ओरडत होते, वाका.

दिपमालाला विचारलं, "तू सांगितलं का नाहीस गं?"

"नव्याले नाव कोण ठेवते मॅडम?"

मग थोड्या वेळाने, "तुम्हीच म्हटलं होतं, वाढल्यावर बसेल."

मी म्हटलं होतं. पूजनाच्या दिवशी, स्टिका वाटताना. मला आठवतंय.

२६ ऑगस्ट

सकाळी मोठ्या बाईंना सगळं सांगितलं. त्यांनी चष्मा काढून डोळे चोळले. "मॅडम, हे तुम्ही मला सांगितलंत, पुरे. आता गावभर सांगत फिरू नका. संस्थेत कळलं की देणगीच्या मालात घोळ केला तर दिवाळीनंतर तुमचे तास मी नाही वाचवू शकणार. त्या पोरीला एक बरोबर मापाची घेऊन द्या आणि गप्प बसा." त्या एवढ्या मोठ्याने बोलल्या की बाहेर ऐकू गेलं असेल. मला तर वाटलं, त्यांना मी नकोशीच झाले आहे. पण निघताना त्यांनी शिपायाला माझ्यासाठी चहा सांगितला.

तरी शेठना सांगितल्याशिवाय राहवलं नाही. वस्तू त्यांची. दुकानात गेले. ते एका बाईला पोलक्याचं कापड दाखवत होते, ते संपेपर्यंत थांबले आणि मग सांगितलं. मला वाटलं रागावतील. ते म्हणाले, "अगं मग एवढं काय? आल्टर करून घे. सुताराकडे जा, वरून चार बोटं काप म्हणावं. आमच्याकडे रोज हेच चालतं."

आतून गुलाबबाई म्हणाल्या, "तुमचं सगळं कापडच आहे. ती फायबरची आहे ना? आतून पोकळ असेल."

"तू कधी बघितली?"

"पूजेला मीच हातात घेतली होती. तुम्ही भाषण करत होता."

दुकानातला नोकर हसला. मी चेलनाला फोन लावला. ती म्हणाली, कापता येते, पण मग सगळं वजन खाली जातं, लहान मुलीला ती उचलणार नाही, आणि चाचणीत कापलेलं टोक बघून अडवतील. तुम्ही तिला घेऊन या.

शेठना सांगितलं. "कापलेलं कापड मी परत घेत नाही," ते म्हणाले. "ती तरी का घेईल?" मला वाटतं ते स्वतःशीच बोलत होते.

२९ ऑगस्ट

दिपमालाला घेऊन जळगावला गेले. चेलनाने तिला चप्पल काढून उभं केलं, कमरेजवळ स्टिक लावून पाहिली, मग वाकून चालायला लावलं. चौतीस दिली. पहिल्या दिवशी तिने काउंटरवर ठेवलेली, तीच. ती "मी म्हटलं होतं" असं म्हणेल म्हणून मी तयार होते. ती काही म्हणाली नाही. मला ते जास्त लागलं. ही स्टिक मी माझ्या पगारातून घेतली.

गाडीत दिपमाला स्टिक मांडीवर आडवी घेऊन बसली होती. एकदा म्हणाली, "बाकीच्याइले नाई ना मॅडम?" हा प्रश्न मलाही छळत होता. एकीलाच देणं म्हणजे पक्षपात. परतल्यावर मैदानावर मुलींना स्पष्ट सांगितलं, तर त्यांतली एक म्हणाली, "तिले देऊ द्या मॅडम, आम्ही कुठं धुळ्याला चाललो?" बाकीच्या हसल्या. मला हसू आलं नाही.

६ सप्टेंबर

मला वाटलं होतं बरोबर माप हातात आलं की खेळ परत येईल. तसं झालेलं नाही. तिचे हात आता त्या लांब स्टिकचे झाले आहेत. वरचा हात आपोआप खाली घसरतो. लांब स्टिकवर खाली धरून कसंतरी जमत होतं, हिच्यावर खाली धरलं की स्टिक आखूड पडते आणि चेंडूवरून निघून जाते. चेंडू तिथेच राहतो, ती पुढे जाते आणि मग मागे वळून बघते. रोज कितीदा तरी.

ती चिडत नाही. चिडली असती तर बरं वाटलं असतं.

आईला फोनवर म्हटलं, थकी गयी मी. ती म्हणाली, "मंग घर ये." मग म्हणाली, "नही, ऱ्हाय तठेच. आठे येईसन काय करशी."

१४ सप्टेंबर

धुळे. जे झालं ते जसंच्या तसं लिहायचं आहे, नाहीतर नंतर मी त्यात स्वतःला बरं करून घेईन.

पहाटे बोदवडहून रेल्वेने जळगाव, तिथून एसटीने धुळे. अभिमनभाऊ आले नाहीत, हंगामाआधी जिनिंगची साफसफाई चालू आहे. मैदानावर खूप मुली होत्या, नंदुरबारकडच्या, मालेगावच्या, धुळ्याच्या तर भरपूर. त्यांच्या शिक्षकांच्या अंगावर ट्रॅकसूट होते. मैदानाला दोरी बांधली होती आणि आम्ही सगळे शिक्षक दोरीबाहेर.

निवड करणाऱ्या दोघी होत्या. आमच्या गटाकडे टोपी घातलेल्या एक मॅडम होत्या, शांत बोलणाऱ्या. आधी अडथळ्यांमधून चेंडू न्यायचा होता. दिपमाला पहिला अडथळा चांगला वळली. दुसऱ्याला हात घसरला, स्टिक चेंडूवरून गेली. पुन्हा सुरुवात. पुन्हा तेच. माझ्या शेजारचे एक सर मालेगावच्या कुणालातरी म्हणाले, "हिला कशाला आणलं?"

टोपीवाल्या मॅडमनी तिला जवळ बोलावलं. दोरीपासून त्या लांब नव्हत्या, मला सगळं ऐकू येत होतं.

"किती दिवसांपासून आहे ही स्टिक?"

"पहिल्यापासून हीच हाये."

"हीच? मग हात खाली का जातो?"

दिपमालाने वरचा हात पुन्हा टोकाला नेला.

"शिकवतं कोण?"

"आमच्या मॅडम. चांगल्या शिकवतात. माह्याच लक्षात राहत नाई."

त्यांनी हातातल्या कागदावर काहीतरी लिहिलं आणि पुढच्या मुलीला खूण केली.

तिला खोटं बोलायला मी कधी शिकवलेलं नाही. ती असं का म्हणाली ते मला तेव्हा कळेना. एवढंच कळलं की वर्षानुवर्षं बरोबर स्टिक असून जिला चेंडू लागत नाही, अशी मुलगी म्हणून तिचं नाव खोडलं जातंय. मी दोरीखालून वाकून आत गेले.

टोपीवाल्या मॅडम म्हणाल्या, "शिक्षकांनी आत यायचं नाही."

"एकच सांगते. ती खोटं बोलली. ही स्टिक तिच्याकडे पंधरवड्यापूर्वी आली. त्याआधी जुलैपासून मी तिला साडेछत्तीस दिली होती. सगळ्यांनाच. वाढत्या अंगाच्या म्हणून. हात खाली जातो ते माझ्यामुळे."

दोरीबाहेर कुणीतरी हसलं. "वाढत्या अंगाची," असं पुन्हा म्हणालं.

मॅडमनी माझ्याकडे बघितलं, मग दिपमालाकडे. दिपमाला जमिनीकडे बघत होती. त्या म्हणाल्या, "तुम्ही बाहेर थांबा."

बाहेर आले. बराच वेळ काही झालं नाही. मुली येत होत्या, जात होत्या. मग सगळं आटोपत आलं तेव्हा त्यांनी दिपमालाला हाक मारली. "स्टिक ठेव खाली. नुसती पळ." ती पळाली. पुन्हा पळवलं. मग त्या तिच्या डाव्या-उजव्या बाजूला चेंडू टाकत राहिल्या आणि ती हाताने अडवत राहिली. एकही गेला नसावा, पण मी नीट बघू शकले नाही, डोळ्यांत ऊन जात होतं.

"जा," त्या म्हणाल्या. एवढंच.

एसटीत ती खिडकीशी बसली. पारोळ्याला गाडी थांबली तेव्हा मी वडापाव आणला. तिने घेतला नाही.

१५ सप्टेंबर

आज सरावाला आली नाही. सुट्टीत वर्गाबाहेर गाठलं. विचारलं, काय झालं?

"तुम्ही कशाले सांगितलं?"

"खरं होतं ते."

"मोठ्या बाई तुम्हाले रागावत होत्या, मी व्हरांड्यात होती. तुमचे तास जातील म्हणल्या. म्हणून मी बोलली." ती वर्गाकडे वळली. "आता त्या बठ्ठ्याइच्या समोर मी खोटारडी झाली."

वर्गात गेली. बठ्ठ्याइच्या. म्हणजे सगळ्यांच्या. माझाच धुळ्याकडचा शब्द तिच्या तोंडात आला होता, आणि या वेळी कुणी हसलं नाही.

दिवसभर विचार केला. मी न सांगते तर तिचं नाव खोडलं जात होतं. सांगितलं तर ती खोटी ठरली. सांगायचंच होतं, पण "ती खोटं बोलली" या वाक्याने सुरुवात का केली? "चूक माझी" असं आधी म्हणता आलं असतं. तेवढं पहिलं वाक्य मला आयुष्यभर पुरेल.

२८ सप्टेंबर

निवड झाली.

मोठ्या बाईंनी वर्गात येऊन सांगितलं. त्यांना टोपीवाल्या मॅडमचा फोन आला होता. म्हणाल्या, "पाय आणि नजर बघून घेतली म्हणाल्या. हाताचं आम्ही बघून घेऊ असं सांगितलंय त्यांनी." मग माझ्याकडे वळून, बऱ्याच हळू आवाजात, "आणि तुम्ही धुळ्याला काय बोललात तेही सांगितलं. मी म्हटलं होतं ना गप्प बसा म्हणून." मला वाटलं आता तास गेले. त्यांनी दिवाळीनंतरचं वेळापत्रक माझ्यासमोर सरकवलं आणि खो-खोची वेळ कुठली हवी ते विचारलं. मोठ्या बाईंच्या मनात काय असतं मला कधीच समजत नाही.

लांब स्टिका कॉलेजच्या मुलींना द्यायच्या आणि शाळेसाठी लहान घ्यायच्या, असं शेठनी परस्पर ठरवलं. गुलाबबाईंनी ठरवलं म्हणतात.

अभिमनभाऊ पेढे घेऊन आले. "मॅडम, सुरतेची खोली आता मोठी वाटेन आम्हाले," म्हणाले आणि हसले. मग हसणं थांबलं तरी चेहरा तसाच राहिला.

दिपमाला माझ्या पाया पडली. सगळ्यांच्या पडली. बोलली नाही.

४ ऑक्टोबर

आज दिपमाला गेली. बोदवड स्टेशनवर संघातल्या सगळ्या मुली आल्या होत्या. बेबाबाईंनी डबा बांधून दिला, लहान भाऊ दिपमालाच्या कडेवरून उतरायला तयार नव्हता. अभिमनभाऊ तिला पोचवायला जाणार होते.

गाडी यायच्या आधी ती माझ्याकडे आली. हातात चौतीसची स्टिक. पुढे केली.

"तुझीच आहे ती. घेऊन जा."

"नको मॅडम. तिथं मापून देतात."

ती हे मला लागावं म्हणून बोलली की नुसतं सांगितलं, ते तिच्या चेहऱ्यावरून कळलं नाही. मी विचारलंही नाही. गाडी दोनच मिनिटं थांबते. ती चढली, मुली ओरडत राहिल्या, "चेंडू कथा शे वं दिपमाला," आणि गाडी गेली.

खोलीवर येऊन स्टिक दिव्याखाली धरली. तिने ती धुऊन, पुसून दिली होती. फक्त मुठीच्या पट्टीचा मळ निघाला नव्हता. वीतभर खाली, जिथे तिचा हात घसरायचा, तिथे पट्टी थोडी काळी होती. अगदी वरच्या टोकाला त्याहून पुष्कळ काळी होती, झिजून दोरे निघाले होते. सरावाला ती धुळ्यानंतर आली नाही. तरीही तिथे, जिथे हात धर म्हणून मी रोज सांगायचे.